बाटलीवरचं बारीक अक्षर

नानांचा फोन सकाळी साडेसातला आला. "मॅडम, येता का जरा? रान पिवळं पडलंय. लोक म्हणतेत गाळ बाधला." एवढं बोलून ठेवूनही दिला. लातूर जिल्ह्यातल्या ज्या गावांचा कारभार माझ्याकडे होता, त्यातलं नानांचं गाव सगळ्यात आडबाजूचं. तेव्हा मी कृषी सहायक होते आणि नोकरीचं तिसरं वर्ष चालू होतं.

गाळाची गोष्ट आधी सांगायला हवी. धरणांतला गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना 2017 मध्ये सुरू झाली, त्यानंतरच्याच एका उन्हाळ्यात नानांनी आपल्या दोन एकर मुरमाड रानावर पाझर तलावाचा गाळ ओढला. ते रान म्हणजे कुसळ आणि तरवड. त्यात कधी कुणी सोयाबीन पेरलं नव्हतं. पोकलेन सरकारी होता, पण टिप्परच्या खेपांचे पैसे नानांच्या खिशातले. लेकाचा याला विरोध. तो म्हणे, एवढ्या पैशात बोअर झाला असता. बापलेकांचं त्यावरून महिनाभर बोलणं बंद होतं, हे मला गावातल्या तिघांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलेलं. रानावर वीतभर जाडीचा काळा थर पसरला तेव्हा नाना रोज संध्याकाळी तिथं जाऊन नुसते उभे राहायचे म्हणे.

आणि आता त्याच रानातलं सोयाबीन पेरणीनंतर तिसाव्या दिवशी पिवळं.

मी पोचले तर बांधावर पाचसहा माणसं आधीच जमलेली. प्रत्येकाकडे निदान तयार. एकजण म्हणाला यलो मोझॅक. दुसऱ्याने तालुक्याच्या दुकानातून फेरस सल्फेट आणि कसलं तरी टॉनिक आणून ठेवलं होतं. बाकीच्यांचं एकच: तळ्याच्या तळाचा गाळ कुजका असतो, त्यात पीक येत नाही. लेक बांधाच्या कडेला मोटारसायकलवर बसून मोबाईल बघत होता. "मी सांगत होतो" हे वाक्य तो बोलला नाही, पण ते तिथं होतंच.

सोयाबीन पिवळं पडतं ते तीन तऱ्हांनी, निदान आमच्या भागात तरी. मोझॅक असेल तर पानावर हिरव्यापिवळ्या रंगाचे वेडेवाकडे ठिगळ दिसतात आणि पान उलटलं की पांढरी माशी उडते. लोह कमी पडलं तर वरची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जाळीसारख्या. चुनखडीच्या रानात हे नेहमीचं. इथं तसं काही नव्हतं. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी, शेंडा त्या मानाने बरा. म्हणजे झाड म्हाताऱ्या पानांतलं नत्र काढून पोरांना घालत होतं. नत्राची उपासमार.

पण सोयाबीनला नत्राची उपासमार होतेच कशी? हवेतलं नत्र बांधून देणारे जिवाणू त्याच्या मुळांच्या गाठींत बसलेले असतात, त्यासाठी तर आपण बीजप्रक्रिया करतो, पेरायच्या आधी ते जिवाणू बियाण्याला चोळतो. मी एक रोप उपटलं. मुळी कोरी. पण उपटून बघणं खरं नव्हे, ओल्या रानातून रोप ओढलं की गाठी मातीतच राहून जातात. म्हणून कुदळीने वीतभर खोल ढेकूळच उचललं आणि घमेल्यातल्या पाण्यात ठेवलं. माती सुटेपर्यंत पाचएक मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग मुळं वर काढली. पांढरीशुभ्र, लांब, चांगली पोसलेली. गाठ मात्र एकही नाही. अशी आठ ठिकाणी ढेकळं काढली. आठही कोरी.

"नाना, बीजप्रक्रिया?"

"केली की. तुमी सांगितल्यापरमानं." त्यांनी सगळा क्रम घडाघडा म्हणून दाखवला: आधी बुरशीनाशक, मग बी सावलीत सुकवलं, मग पेरायच्या आधी तुमच्या बाटलीतलं औषध चोळलं, परत सावलीत, उन्हाचा कवडसा लागू दिला नाही, आणि लगेच पेरलं. एक अक्षर चुकलं नव्हतं. बुरशीनाशक आणि जिवाणू एकदमच चोळले, किंवा बियाणं पत्र्यावर उन्हात तापलं, की जिवाणू मरतात. माझा पहिला संशय तोच होता. तो गेला.

तेवढ्यात मागून आवाज आला. नानांच्या सूनबाई, हातात खुरपं. त्या सकाळपासून खुरपत होत्या आणि आमचा दरबार ऐकत होत्या. "मॅडम, तिकडच्या टोकाला बगितलंत का? तिथं खुरपताना रोप निघालं की मुळीला मण्यासारखं काय काय येतंय. हिकडं काईच न्हाई."

आम्ही सगळे पिवळं बघत होतो, हिरव्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. रानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, चुलतभावाच्या बांधाला लागून, साताठ तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, चांगली हिरवीगार होती. पण पट्टा सरळ नव्हता. कोपऱ्यात गर्द, मग तासाने पुढे चालत गेलं की फिकं होत होत तिसऱ्या भागापर्यंत विरून गेलेलं. बांधाची सावली नाही, ओल जास्त नाही, शेणखताचा ढीगही तिथं कधी नव्हता. ढेकूळ काढलं, धुतलं. सोटमुळाच्या वरच्या भागाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी, दाटीने. एक नखाने फोडली. आत गुलाबी, जवळजवळ मांसासारखी लाल.

ती लाली लेगहिमोग्लोबिनची, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं द्रव्य. नत्र बांधणारं विकर प्राणवायूने बिघडतं, पण जिवाणूला जगायला प्राणवायू लागतोच. म्हणून झाड हे द्रव्य बनवून गाठीत प्राणवायू मोजूनमापून सोडतं. गाठ लाल असली की समजायचं, काम चालू आहे. नाना वाकून बघत होते. "आतनं रगत?" म्हणाले आणि स्वतः दुसरी फोडली. ती पांढरी निघाली. "ही फुकट खाणारी काय?" मी हसले, पण त्यांचा प्रश्न खरा होता. पांढरी गाठ कोवळी असू शकते, किंवा खरंच फुकटीही. 2003 मध्ये काही संशोधकांनी सोयाबीनच्याच काही गाठींभोवती नत्र नसलेली हवा ठेवली, म्हणजे आतल्या जिवाणूंना इच्छा असूनही काम करता येईना. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आवळला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ निम्म्यावर आली. सोयाबीनच्या घरात काम नाही तर भाकर नाही, हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी नकळत मोटारसायकलकडे पाहिलं.

पण हा पट्टाच का हिरवा? मी तासं मोजत कोपऱ्यापर्यंत गेले आणि विचारलं, ट्रॅक्टर कुठून आत घातला होता?

"ह्याच कोपऱ्यातनं. धाकट्याचं रान पेरलं आन् तसाच हिकडं आला. वाफसा बी धड नव्हता, फणाला हा असा चिखल."

चुलतभावाच्या रानात वीस वर्षं खरिपाला सोयाबीन. त्या मातीत सोयाबीनचा जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम, घर करून बसलेला. फणांना आणि चाकांना चिकटून तो चिखल बांध ओलांडून आला, पहिल्या फेऱ्यांत ढेकळाढेकळाने गळत गेला आणि पुढे संपला. हिरवा पट्टा विरत जाण्याचं कारण तेच. कोण्या मजुराने मुद्दाम पेरला असता तरी इतका नीट पडला नसता.

असाच प्रकार जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी मुद्दाम केला होता. 1886 मध्ये त्यांनी बर्लिनला तो मांडला. निर्जंतुक वाळूत वाटाणा लावायचा, तो पिवळा पडायचा. त्याच वाळूत शेतातली थोडीशी माती पाण्यात कालवून घातली की गाठी यायच्या आणि वाटाणा हिरवा व्हायचा. मातीतल्या खताने नव्हे, तो अर्क उकळला तर काही घडत नसे. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: वाटाण्याला चाललेला मातीचा अर्क ल्युपिन या दुसऱ्या शेंगवर्गीय पिकाला चालला नाही. हे मी कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्यातलं शेवटचं वाक्य थोड्या वेळाने माझ्याच अंगावर येणार होतं.

कारण मला अजून एक कोडं सुटत नव्हतं. फणाच्या चिखलाने जे केलं ते बाटलीने का नाही केलं? द्रवरूप रायझोबियमच्या, म्हणजे गाठीतल्या जिवाणूंच्या खताच्या, एका मिलीत निदान 10 कोटी जिवंत जिवाणू असावेत असा खत नियंत्रण आदेशाचा नियम आहे. एकरी पाव लिटरची बाटली म्हणजे 2,500 कोटी. त्यातल्या एकालाही आत शिरता आलं नाही?

"बाटली आहे का रिकामी?"

सूनबाई शेतातल्या आखाड्यावर गेल्या आणि दोन बाटल्या घेऊन आल्या. एकीत रॉकेलचा वास, दुसरी तशीच. पांढरी बाटली, हिरवं लेबल, मोठ्या अक्षरांत 'रायझोबियम'. मुदत अजून तीन महिने शिल्लक. मी समाधानाने ती फिरवली. आणि खाली, घटकांच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत पिकाचं नाव: हरभरा.

बाटल्या मीच दिल्या होत्या. नानांचं नाव प्रात्यक्षिकाच्या यादीत नव्हतं. पण म्हातारा गाळ टाकून एवढ्या उमेदीने पेरतोय म्हणून मी कार्यालयाच्या गोदामातून मागच्या रब्बीच्या शिल्लक बाटल्या उचलल्या आणि पिशवीत घालून नेऊन दिल्या. दोन्ही पिकांच्या बाटल्यांचा रंग एक, आकार एक. मी मोठं अक्षर वाचलं, बारीक वाचलं नाही. सोयाबीनने वाचलं.

आणि ते कसं वाचतं, हे मला नानांना सांगायचं होतं. खरं म्हणजे चूक कबूल करायला वेळ काढत होते. मी म्हटलं, नाना, घरी सोयरीक घेऊन कुणी आलं तर आधी काय विचारता? "गाव कोणतं, आडनाव काय, मामाकुळ कोणतं." मूळही तेच करतं. सोयाबीनचं मूळ मातीत काही द्रव्यं सोडत असतं, जेनिस्टीन, डाइडझीन अशा नावांची. ते बोलावणं. आसपासच्या ज्या जिवाणूला ते कळतं, तो उलट आपला संदेश पाठवतो. त्याला शास्त्रज्ञ नॉड फॅक्टर म्हणतात: चारपाच साखरेचे मणी ओवलेली कायटिनची छोटी माळ, तिला स्निग्धाम्लाचं शेपूट, आणि माळेच्या टोकांना बारीक बारीक दागिने. हे दागिने जिवाणूगणिक वेगळे. मुळावरच्या केसाच्या पृष्ठभागावर ते तपासणारी प्रथिनं बसलेली असतात. 2003 मध्येच डेन्मार्कच्या संशोधकांनी लोटस नावाच्या एका छोट्या शेंगवर्गीय झाडात अशी दोन प्रथिनं शोधली. ती दोन्ही पटली तरच दार.

यात मला कायम थरारक वाटतं ते कायटिन. रोग आणणाऱ्या बुरशीची भिंतही कायटिनचीच. त्या कायटिनचे तुकडे लागले की झाड हत्यार उपसतं, आणि ते ओळखणारी प्रथिनंही याच खानदानातली. म्हणजे दारावर थाप एकाच तऱ्हेची, चोराची आणि सोयऱ्याची. फरक शेपटाचा आणि दागिन्यांचा. तेवढ्यावर झाड ठरवतं, लढायचं की उंबऱ्यात घ्यायचं. संदेश पटला की मुळाच्या केसातल्या पेशीत कॅल्शियम मिनिटादोन मिनिटांनी चढतं-उतरतं, ठोके पडावेत तसं. मग केसाचं टोक वळायला लागतं. शेळ्यांना पाला ओढायच्या काठीला वर आकडी असते ना, अगदी तसं. त्या आकडीत जिवाणू धरला जातो आणि आत जायची नळी झाड स्वतःच बांधून देतं. त्याने भिंत फोडलेली नसते, यजमानाने बोगदा खणलेला असतो.

हरभऱ्याचा जिवाणू, मेसोरायझोबियम, वेगळ्या कुळाचा. तो आणि हरभरा दोघेही फार सोवळे, एकमेकांशिवाय फारसं कुणाशी जमवत नाहीत. नानांच्या रानात त्या एकरी 2,500 कोटींतल्या कुणाचेच दागिने सोयाबीनला पटले नसणार. ते मुळाशी बसून राहिले असतील आणि झाड उपाशी. पेव भरलेलं, पण कुलूप दुसऱ्याच घराचं.

"म्हंजे जातच अशी कडक," नाना म्हणाले. तसं सगळ्या वाणांचं नसतं. नायजेरियात इबादानच्या कृषी संस्थेने असे सोयाबीन वाण तयार केले जे तिकडच्या मातीतल्या गावठी जिवाणूंशीही जमवून घेतात. आमच्याकडचे वाण इतके मोकळे नाहीत.

आणि बोलावणं उघड्या मातीत सोडलं की ते भलत्यानेही ऐकायचा धोका असतोच. हे नानांना मला सांगावं लागलं नाही, त्यांनीच काढलं. ज्वारीच्या रानात टारफुला, तिच्या मुळांवर जगणारं तण, येतो तो कसा, म्हणाले, ज्वारी नसेल तर बी वर्षानुवर्षं पडून राहतं, ज्वारी पेरली की उगवतं. बरोबर. ज्वारी मुळातून स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं द्रव्य सोडते, स्फुरद आणून देणाऱ्या मुळाच्या मित्रबुरशीला हाक म्हणून. शास्त्रज्ञांना ते द्रव्य आधी टारफुल्यामुळेच सापडलं, 1966 मध्ये. नावही त्याच्याच शास्त्रीय नावावरून, स्ट्रायगा. ती हाक मुळात बुरशीसाठी आहे हे कळायला 2005 उजाडलं. बुरशीची ही दोस्ती झाडांना चाळीस कोटी वर्षांची, गाठीवाल्या जिवाणूंची त्या मानाने कालची. गाठींसाठी शेंगवर्गाने बुरशीच्या जुन्याच निरोपाच्या वाटा वापरल्या.

हे सगळं बोलून झाल्यावर बोलायला दुसरं काही उरलं नाही. मी बाटली पुढे केली. "नाना, चूक माझी आहे. मी तुम्हाला हरभऱ्याचं दिलं."

मला वाटलं होतं, आता आवाज चढेल. पंचायतीत जाईल, तालुक्याला अर्ज जाईल, जावा असंही वाटत होतं. नानांनी बाटली घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, त्यांना ते अक्षर दिसणं शक्य नव्हतं. मग ते बांधावरच्या माणसांकडे वळले आणि इतक्या जोरात म्हणाले की मोटारसायकलवरचा मोबाईल खाली आला.

"ऐकलं का? गाळाचा दोष न्हाई! मॅडमचा हाय!"

इतक्या आनंदाने माझ्या नावाने बोंब आजवर कुणी मारलेली नाही. त्यांच्या दृष्टीने खटला निकाली निघाला होता. ते लेकाकडे बघत होते. लेक उतरला, हिरव्या कोपऱ्यातलं एक धुतलेलं मूळ हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "युरिया किती टाकायचा?"

एकरी 25 किलो सांगितला, वाफशावर, तासाच्या कडेने. आयतं नत्र मिळालं की झाड गाठींना स्वतःहून नकार देतं, पोट भरलेल्याला स्वयंपाकाची घाई नसते. पण तिसाव्या दिवशी गाठींची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. त्यातही दहा तासं मी युरियाविना मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या जिवाणूचं कल्चर आणलं, लेबल तीनदा वाचलं, सूनबाईंनाही वाचायला लावलं. पंपाचं नोझल काढून त्या दहा तासांच्या मुळाशी आळवणी केली. तीन आठवड्यांनी ढेकळं काढली तेव्हा गाठी आल्या होत्या, पण सोटमुळावर नाही, बाजूच्या बारीक मुळांवर, विरळ. उशिरा आलेल्यांना कडेची जागा. राशीला नानांना एकरी सहा पोती पडली, चुलतभावाला नऊ. हिरव्या कोपऱ्याची रास वेगळी करा म्हणून मी सांगून आले होते, पण मळणीयंत्र आलं त्या दिवशी पाऊस धरून आला आणि कोण वेगळी करतंय.

कार्यालयात मी काळ्या मार्करने गोदामातल्या प्रत्येक बाटलीवर पिकाचं नाव तळहाताएवढं लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, लेबल विद्रूप होतंय. होऊ दे म्हटलं.

त्या रानात दिवाळीनंतर नानांनी हरभरा पेरला. जिवाणूची बीजप्रक्रिया करू का, असं विचारायला फोन आला, मी म्हटलं, या खेपेला तेवढी करूच नका. डिसेंबरच्या मध्यावर गेले तेव्हा हरभरा घोट्याच्या वर आला होता, सकाळच्या दहिवराने बूट भिजले. यावेळी कुदळ नानांनीच आणली होती. ढेकूळ, घमेलं, पाणी, पाच मिनिटं. मूळ वर आलं आणि त्याला गाठी होत्या. सोयाबीनसारख्या गोल नाहीत, हरभऱ्याच्या गाठी वाढत राहतात आणि त्यांना फाटे फुटतात, आल्याच्या लहानशा गड्ड्यासारख्या.

"तुमची बाटली लागली बगा," नाना म्हणाले. "जूनपास्नं बसून होती."

मी म्हटलं, सांगता येत नाही, हरभऱ्याचे गावठी जिवाणू आपल्या मातीत असतातही, गाळातून किंवा खालच्या मुरमातून आले असतील. ते ऐकत नव्हते. त्यांनी एक गाठ नखाने फोडून लाल बघितली आणि मूळ तसंच लेकाला दाखवायला आखाड्याकडे घेऊन गेले. सूनबाई शेंडे खुडत होत्या. पदरातली आंबूस कोवळी भाजी त्यांनी माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाल्या, धुऊन घ्या मॅडम, परवाच फवारलंय.